चिमणी घेवड्याचा बंदोबस्त

सहा वर्षांपूर्वी मिरजेच्या हिरवाई बागप्रेमी मंडळाने माझा जाहीर सत्कार केला. सभासदांना वेळीच सावध करून मोठ्या संकटातून वाचवल्याबद्दल. शाल, नारळ आणि प्लॅस्टिकच्या कुंडीतली एक कोरफड. कोरफड अशासाठी, की ती माझ्या हातूनसुद्धा मरणार नाही असं मंडळाचं एकमत होतं.

हा सत्कार झालाच नव्हता, असं धरून पुढे वाचावं. मीही तसंच धरून चालते. शाल मी आत्याला दिली, नारळाची बर्फी झाली आणि कोरफड मेली, त्यामुळे पुरावाही काही उरलेला नाही.

तर, सत्कार न झालेल्या त्या ऑक्टोबरात मी आवटी मास्तरांच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून घेवड्याच्या बिया मोजत होते.

"पाच झाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"पाच."

"बोटानं मोजल्यास का डोळ्यांनी?"

"डोळ्यांनी."

"डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. माझ्याकडं बघ."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, रेल्वेतले. श्रीपाल आवटी, निवृत्त स्टेशन मास्तर, आमच्या गल्लीत दोन घरं सोडून. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं. मी बावीस वर्षांची होते, पदवी घेऊन घरी बसले होते, आणि गल्लीत मोकळे हात फक्त माझेच होते. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसले होते आणि मांडीवर खोकल्याच्या गोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात पद्माकाकूंचं बी होतं.

पद्माकाकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. मास्तर त्यांना 'आमची मंडळी' म्हणायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी पन्नास वर्षं एकच घेवडा जपला. पांढुरकं बी, डोक्यावर तपकिरी टोपी आणि टोकाला काळा ठिपका, चोचीसारखा. पाच-सहा बिया तळहातावर घेतल्या की चिमण्या दाणे टिपायला बसल्यासारख्या दिसायच्या. म्हणून चिमणी घेवडा. आदल्या वर्षी मास्तरांना दिसेना, वेलीवर माव्याची कीड पडलेली कळली नाही, आणि सगळं मिळून पंचावन्न बिया हाती लागल्या.

"पाचाच्या अकरा पुड्या," मास्तर म्हणाले. "अकरा सभासद. तुला धरून."

"मला कशाला? माझ्याकडे निवडुंग सडला होता."

"एखादी गाडी रिकामी जाते म्हणून वेळापत्रकातनं काढत नाहीत."

"पण सगळंच देऊन टाकताय. चार बिया ठेवा की स्वतःला."

"बेंगळुरूला? सोळाव्या मजल्यावर?" त्यांची मुलगी पुढच्या बुधवारी त्यांना कायमचं न्यायला येणार होती. "तिथं कबुतरंसुद्धा मध्ये दम खाऊन वर येतात म्हणे. आणि डब्यात ठेवलेलं बी म्हातारं होतं, पोरी. अकरा घरांत गेलं तर एका घरी तरी नीट पेरतील. सगळी माणसं एका डब्यात भरू नयेत."

"मग रविवारच्या सभेत हातात द्या. टपालाने का?"

"मुकी पुडी आहे ती."

ही आमच्या मंडळाची जुनी रीत. दिवाळी झाली की प्रत्येक सभासदाने चिठ्ठीत निघेल त्याला बियांची पुडी पाठवायची, टपालाने, आणि तिच्यावर ना पाठवणाऱ्याचं नाव, ना बियांचं. मिळेल त्याने ती पेरायची आणि जानेवारीच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर ओळखायचं, की ही वेल अमक्याच्या घरची. दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला टपालाने बी पाठवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. पण मंडळाचे पहिले अध्यक्ष पोस्टमास्तर होते, आणि प्रवास न घडलेल्या बियाला अक्कल येत नाही असं त्यांचं मत होतं. मास्तर दिवाळीपर्यंत थांबू शकत नव्हते, म्हणून त्यांची मुकी पुडी महिनाभर आधी निघाली होती. आणि एकाला नव्हे, सगळ्यांना.

"या वेळी तरी नाव घाला," मी म्हटलं. "कुणाला कळणार?"

"मुक्या पुडीनं बोलायचं नसतं. शेंग आली की कळेल. चिमणी घेवडा दुसऱ्या कुणाकडं आहे?"

"मिरजेत नाही."

"कुठंच नाही."

अकरा पुड्या त्यांनी हिरव्या दोऱ्याने बांधल्या. दिसत नसताना गाठी मात्र माझ्यापेक्षा सरळ आल्या. अकरा पाकिटांवर मी पत्ते लिहिले. शेवटी मास्तरांनी डबा उलटा करून तळ वाजवला. काही पडलं नाही.

पाकिटं मी बुधवारी पेटीत टाकली. गुरुवारी सकाळी निकमबाईंचा फोन आला.

निकमबाई मंडळाच्या अध्यक्ष. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या आणि अजून कुणी त्यांना निवृत्त झाल्याचं सांगितलेलं नव्हतं. मी मंडळाची तंत्रज्ञान सचिव होते. हे पद मला असं मिळालं, की एकदा मी निकमबाईंच्या मोबाइलचा टॉर्च बंद करून दिला होता, जो चार दिवस त्यांच्या पर्समध्ये जळत होता.

"शर्वरी, सरकारी पत्रक आलंय," त्या म्हणाल्या. "परदेशातून लोकांच्या घरी टपालाने बियांची अनोळखी पाकिटं येताहेत. पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत काय आहे त्याचं नाव नाही. ती पेरायची नाहीत. काय रोग असेल, काय तण असेल, सांगता येत नाही. आपल्या सभासदांना आजच्या आज सावध कर. आणि हे बघ, गंभीरपणे कर."

"मी गंभीरच असते, बाई."

"तू गंभीर चेहऱ्यानं पांचटपणा करतेस. त्यात फरक आहे."

दुपारी थेंब घालायला गेले तेव्हा मास्तरांना हे सांगितलं. ते आडवे पडून छताकडे बघत होते.

"म्हणजे आपल्याच पुड्यांचं वर्णन की हे," ते म्हणाले.

"हो ना. तंतोतंत."

"मग एक ओळ घाल. हिरवा दोरा असेल ती पुडी घरची, खुशाल पेरा."

"पुडी बोलली की मग."

"नाव कुठं सांगितलं? हिरवा म्हणजे गाडीला जायला हरकत नाही, एवढंच. घालशील ना?"

"घालते."

"विसरशील."

"नाही विसरत, मास्तर. डोळा मिटा."

मी विसरले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण विसरणं मला परवडलं असतं.

घरी येऊन मी सूचना लिहिली. त्यात हिरव्या दोऱ्याची ओळ होती, तिसरी. मग पूर्ण वाचून बघितली. पाणी उद्या उशिरा येईल, अशी जी सूचना असते ना, तशी वाटत होती. आमच्या ग्रुपवर सूचना कुणी वाचायचं नाही. मी 'उद्या पाच वाजता सभा' असं लिहिलं की खाली 'आपणासही शुभेच्छा' अशी उत्तरं यायची. मी म्हटलं, ही गोष्ट महत्त्वाची आहे, ती लक्षात राहील अशी सांगायला हवी. असं मी त्या वेळी म्हटलं. खरं कारण एवढंच होतं, की दुपारच्या टपालाने माझी पुडी आली होती आणि मला एक विनोद सुचला होता.

मी डोक्यावर आईची पुरणाची चाळण घातली, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, हातांत भांडी घासायचे रबरी मोजे. मोबाइल डब्यांच्या फळीवर टेकवला. चिमट्यात पुडी धरली आणि बातम्या देतात तसल्या आवाजात बोलले.

"नागरिकहो, हीच ती पुडी. नाव नाही, गाव नाही. आणि हा बघा हिरवा दोरा. ओळखीचा वाटतो? घरचा वाटतो? इथंच तुम्ही फसता! हिरवा दिसला की लाल समजा."

मग मी दोरा सोडला आणि चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात पाच बिया टाकल्या.

"वीस मिनिटं उकळा. चवीपुरतं मीठ घाला. आणि लक्षात ठेवा, शत्रू हुशार आहे. उद्या माझ्याच नावाने, 'ती गंमत होती, पुड्या आपल्याच आहेत', असा निरोप येईल. त्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका."

हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते दोनदा म्हटलं.

बिया फुगल्या, टोप्यांचा रंग पाण्यात उतरला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण अकरातली एक पुडी, तीही माझ्या वाट्याची, जी मी पेरली असती तरी सडलीच असती. दहा घरांत पन्नास होत्या. सगळे हसले, की संध्याकाळी हिरव्या दोऱ्याची ओळ टाकायची, असं ठरवून मी तो दीड मिनिटाचा व्हिडिओ ग्रुपवर पाठवला.

संध्याकाळपर्यंत कुणी हसलं नाही. हात जोडलेले आले, 'नोंद घेतली' आलं, बेडगे डॉक्टरांचं 'अत्यंत उपयुक्त माहिती' आलं. मला वाटलं, म्हातारी माणसं माझाच खेळ मला उलटा खेळताहेत. मला फार आनंद झाला. त्या आनंदात मी मैत्रिणीच्या साखरपुड्याला गेले आणि शुक्रवार तिथेच गेला. मास्तरांचे थेंब आईने घातले.

शनिवारी सकाळी निकमबाईंचा निरोप वाचला. 'सर्व सभासदांनी शर्वरीने दाखवल्याप्रमाणे पुडीचा बंदोबस्त करून उद्याच्या सभेत अहवाल द्यावा.'

मी लगेच लिहिलं, 'थांबा, ती गंमत होती. हिरव्या दोऱ्याच्या पुड्या आपल्याच आहेत. पेरायच्या आहेत.'

मिनिटभरात निकमबाईंचं उत्तर आलं. 'सावधान! शर्वरीने सांगितलेला खोटा निरोप आला आहे. कुणीही बळी पडू नये.'

त्याखाली नऊ जोडलेले हात.

मी निकमबाईंना फोन केला. त्यांनी उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. मग सायकल काढली. सगळ्यात जवळ मुजावर भाभी. त्या गच्चीवर वाळवण उचलत होत्या.

"भाभी, पुडी आली का तुम्हाला?"

"आली की गं! तुझं बघून उकळली आणि वर वरवंट्यानं ठेचली. मीठ मात्र घातलं नाही, बीपी आहे मला. किती छान समजावलंस! आमचे हे तीनदा बघत होते."

"आवडला?"

"आवडला काय! घाबरलो आम्ही."

आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी माझं ऐकलं होतं.

भाभींकडून निघाले तेव्हा साडेदहा वाजले होते. अजून नऊ घरं होती. मी घरी आले.

रविवारी पाच वाजता निकमबाईंच्या अंगणात सभा भरली. मास्तरांना मीच हाताला धरून नेलं. त्यांची ती शेवटची सभा होती. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि वाटेत दोनदा विचारलं, "पोचल्या असतील ना गं सगळीकडं?" मी दोन्ही वेळा म्हटलं, "पोचल्या." ते खोटं नव्हतं.

निकमबाईंनी विषय पहिला घेतला. संशयास्पद टपाल. एकेक जण उठून अहवाल देऊ लागला.

"मी मिक्सरमधून काढल्या," निकमबाई म्हणाल्या, "आणि वर फिनेल ओतलं. मिक्सरचं भांडं आता टाकून द्यावं लागणार, पण हरकत नाही."

मुजावर भाभींनी वरवंटा सांगितला. चव्हाण आजोबा पुडी घेऊन थेट पोलीस चौकीत गेले होते. "हवालदार विचारतोय, तक्रार कुणाविरुद्ध? मी म्हटलं, घेवड्याविरुद्ध. तो म्हणाला, आजोबा, उसळ करून खा. म्हणून मग घरी येऊन बंबात टाकल्या."

घेवडा हा शब्द आला तेव्हा मास्तरांनी मान वर केली. आधी मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मग त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि प्रत्येक अहवालाला, ज्या बाजूने आवाज येईल तिकडे तोंड वळवत गेले. स्टेशनावर उभं राहून गाडीचा एकेक डबा जाताना बघावा तसं.

नऊ झाले. शेवटी बेडगे डॉक्टर उठले. गुरांचे डॉक्टर, हळवा माणूस.

"मी आज सकाळी जाळल्या," ते म्हणाले. "उशीर झाला, माफ करा. तीन दिवस टेबलावर ठेवल्या होत्या. इतकं देखणं बी होतं, टोप्या घातल्यासारखं. मन होईना. पण म्हटलं, सगळ्यांनी केलं, आपणच एकटे बेजबाबदार नको."

मी कुंपणाकडे बघत राहिले. तिथे जास्वंद होती.

मग निकमबाईंनी सत्काराचं जाहीर केलं. "आणि ज्येष्ठ सभासद म्हणून शाल आवटी मास्तरांच्या हस्ते."

टाळ्या झाल्या. मला पुढे उभं केलं. "दोन शब्द बोल," निकमबाई म्हणाल्या.

"त्या बिया आपल्याच होत्या," मी म्हणाले. "मास्तरांच्या. पद्माकाकूंचा चिमणी घेवडा. मुकी पुडी होती ती, लवकर पाठवलेली. पत्ते मी लिहिले होते. मास्तरांनी मला सांगितलं होतं, हिरव्या दोऱ्याची ओळ घाल म्हणून. मी घातली नाही. मला विनोद करायचा होता. आता जगात एकही बी उरलेलं नाही."

मग चव्हाण आजोबा खुसखुसले. त्यांच्यामागून भाभी. मग सगळेच.

"चेहरा बघा हिचा!" भाभी डोळे पुसत म्हणाल्या. "जरा म्हणून हसत नाही मेली!"

"मी खरं सांगते आहे."

ते आणखी हसले. निकमबाईसुद्धा हसल्या, ज्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही हसत नसत.

"मास्तर, तुम्ही सांगा," मी म्हटलं. "सांगा ना यांना."

मास्तर काठीवर भार देऊन उठले. त्यांनी काळा चष्मा माझ्या आवाजाच्या दिशेने वळवला.

"पोरगी विनोदी आहे," ते म्हणाले. "आमच्या मंडळीचं बी मी असं टपालात कशाला टाकीन? शाल आणा इकडं."

शाल त्यांनी माझ्या खांद्यांवर चाचपत नीट बसवली. एक टोक घसरत होतं, ते वर घेतलं. माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "सरळ उभी राहा. पडेल."

मास्तरांना मी त्यांच्या घरी आणलं. संध्याकाळच्या थेंबांची वेळ झाली होती. ते आडवे झाले. मी शाल काढून खुर्चीवर टाकली आणि बाटली हलवत उभी राहिले.

"का खोटं बोललात?"

"दहा म्हाताऱ्यांना कशाला सांगायचं? निकमबाईंनी मिक्सरचं भांडं टाकायला काढलंय बिचाऱ्यांनी. डॉक्टर तर आजारीच पडेल. अपघात झाला की आधी लाइन मोकळी करायची. चौकशी मागनं."

"मग करा चौकशी. रागवा तरी."

"रागवायचं खातं मंडळीकडं होतं. मला जमत नाही."

"मास्तर, एक राहिलंय," मी म्हटलं. "शनिवारी मी भाभींकडे गेले होते. तिथलं संपलेलं बघितलं आणि परत फिरले. पुढच्या घरी गेलेच नाही. येताना डॉक्टरांच्या दारावरूनच आले. ते बागेत उभे होते. त्यांनी मला हात केला. मी पण केला. आणि सायकल पुढे काढली. त्या वेळी त्यांच्या टेबलावर पाच बिया होत्या."

मास्तरांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"का नाही उतरलीस?"

"मला वाटलं, विचारलं नाही तर तिथलंही संपलं असं कळणार नाही."

"हं," ते म्हणाले. "हे मात्र चौकशीत लिहावं लागेल."

एवढंच. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. मी थेंब घातले. दोन घालायचे होते, किती पडले ते मी बघितलं नाही.

मग त्यांनीच बोलायला सुरुवात केली, माझ्याशी असं नाही, तसेच. "पहिलं पोस्टिंग सालप्याला. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. क्वार्टरच्या कुंपणाला मंडळीनं हा घेवडा लावला. कुठनं आणला, मला कधी सांगितलं नाही. मग आदर्की, वाठार, मसूर, शेणोली, ताकारी. प्रत्येक बदलीला बी डब्यात घ्यायची आणि वेल तशीच ठेवायची. येणाऱ्या मास्तरच्या बायकोला सांगून यायची, बाई, शेंगा वाळेपर्यंत वेल पाडू नका. सामान गाडीत चढवलं तरी हिचं सांगणं चालूच. एकदा गाडी चार मिनिटं लेट केली आहे मी तिच्यापायी. रजिस्टरला कारण लिहिलं, तांत्रिक."

"मग तिथं असेल की!" मी म्हटलं. "सहा स्टेशनांवर असेल! एखाद्या तरी कुंपणाला!"

"क्वार्टरं पाडली पोरी. दुसरी लाइन पडली. रुळाकडेचं सगळं साफ करतात ते, वर्षातनं दोनदा." त्यांनी डोळे मिटले. "करायलाच पाहिजे. सिग्नल दिसला पाहिजे ना ड्रायव्हरला."

बुधवारी मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. पुढे तीन वर्षं दर जानेवारीत त्यांचा फोन यायचा. प्रदर्शन कसं झालं, शेवंती कुणाची आली, डॉक्टरांची तब्येत कशी आहे. घेवड्याचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. चौथ्या जानेवारीत मुलीचा फोन आला.

मंडळ चालू आहे. मुक्या पुड्या बंद झाल्या. सुरक्षेच्या कारणास्तव, असं इतिवृत्तात लिहिलं आहे आणि त्याखाली तंत्रज्ञान सचिव म्हणून माझी सही आहे. डॉक्टर अजून भेटले की हात करतात. मी आता सायकलवरून उतरते, पाच मिनिटं बोलते. बोलण्यासारखं काही नसतं.

आणि दर ऑक्टोबरात एक अर्ज पाठवते. पोचपावती दोनदा आली, उत्तर कधी नाही. या वर्षीचा हा असा:

प्रति,
मा. अधिकारी महोदय,
रेल्वे हद्दीतील झाडेझुडपे साफ करणे विभाग.

विषय: एका वेलीस सूट मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, सालपे, आदर्की, वाठार, मसूर, शेणोली व ताकारी या सहा स्थानकांच्या हद्दीत, जुन्या क्वार्टरांच्या जागी, कै. सौ. पद्मावती श्रीपाल आवटी यांनी सोडलेली घेवड्याची वेल आपोआप उगवलेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. बी पांढुरके, डोक्यावर टोपी, टोकाला चोच. सदर वेलीचे उर्वरित सर्व बी अर्जदाराने पूर्ण शुद्धीत असताना, कोणाच्याही दबावाशिवाय नष्ट केले असून, त्यातील शेवटच्या पाच बिया वाचवणे शक्य असताना अर्जदार सायकलवरून उतरली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

तरी अशी वेल रुळालगत, कुंपणावर किंवा सिग्नलच्या खांबावर आढळल्यास ती उपटण्यात येऊ नये, तसेच तिच्या शेंगा वाळेपर्यंत, म्हणजे अंदाजे साठ दिवस, त्या मार्गावरील सर्व गाड्या थांबवून ठेवण्यात याव्यात व रजिस्टरमध्ये कारण 'तांत्रिक' असे न लिहिता खरे कारण लिहिण्यात यावे, ही नम्र विनंती.